संगणकाने चुकीची वाचू नये अशी तारीख आणि वेळ कशी लिहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतला डिस्पॅचचा तक्ता, गावातल्या दूध संस्थेची संकलनाची नोंद, पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीची तासातासाची आकडेवारी. या सगळ्यांत तारखेचा स्तंभ असतो आणि जास्तीत जास्त घोटाळे त्याच स्तंभात होतात. माणूस तारीख वाचताना संदर्भ पाहतो. संगणक संदर्भ पाहत नाही, तो सेटिंगप्रमाणे वाचतो आणि चुकला तरी बहुतेक वेळा गप्प राहतो. म्हणून तारखेचा अर्थ तारखेतच लिहावा लागतो. कोल्हापूर परिसरातल्या कारखान्यांत, संस्थांत आणि सॉफ्टवेअरच्या कामात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

या पानावरच्या उदाहरणांत देवनागरी अंक आहेत. फाइलमध्येही तसेच लिहायचे का?

नाही. इथे वाचायला सोपे जावे म्हणून अंक देवनागरीत छापले आहेत. फाइल, डेटाबेस किंवा दोन प्रोग्रॅममधली देवाणघेवाण असेल तर अंक इंग्रजीच (1, 2, 3 असे) हवेत. तसेच इथे जिथे ‘टी’ किंवा ‘झेड’ असे लिहिले आहे तिथे फाइलमध्ये ते एकच रोमन कॅपिटल अक्षर असते.

हा नियम शिस्तीसाठी नाही, त्यामागे कारण आहे. पायथनमध्ये मजकुराचा आकडा करणारी सोय देवनागरी १२ हा बारा म्हणून निमूट स्वीकारते. जावास्क्रिप्ट मात्र तोच मजकूर ‘हा अंक नाही’ म्हणून परत करते. म्हणजे एका टप्प्यावर तपासणी पास होते आणि पुढच्या टप्प्यावर काम अडते. असा दोष शोधायला अर्धा दिवस जातो, कारण पडद्यावर तारीख अगदी बरोबर दिसत असते.

मग तारीख लिहायची कशी?

चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, मध्ये आडव्या रेघा : २०२५-०४-०३. म्हणजे ३ एप्रिल २०२५. एक अंकी महिना किंवा दिवस असेल तर पुढे शून्य लावायचेच.

हे आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे रूप आहे. ते पहिल्यांदा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बरेच पर्याय असल्यामुळे इंटरनेटवरच्या वापरासाठी २००२ मध्ये आरएफसी ३३३९ हे आटोपशीर रूप ठरवले गेले. नवीन काम सुरू करताना आरएफसी ३३३९ धरून चाला, बहुतेक सगळ्या भाषा ते वाचतात.

याचा एक फायदा रोज कामी येतो. मोठे एकक आधी असल्यामुळे फाइलींची नावे नुसती अक्षरक्रमाने लावली तरी त्या आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

आपली पद्धत दिवस-महिना-वर्ष अशी आहे. सगळ्यांना कळते. त्यात बिघडते काय?

अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाच्या तारखा घ्या. परंपरेने ते दिवस ठरलेले आहेत : ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. समजा, कोणी फोटोंची यादी करताना हे दिवस ०९/११, १०/११, ११/११, ३१/०१, ०१/०२, ०२/०२ असे लिहिले. आता ही यादी अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर उघडली, जिथे आधी महिना आणि मग दिवस वाचतात.

०९/११ होते ११ सप्टेंबर. १०/११ होते ११ ऑक्टोबर. ११/११ मात्र ११ नोव्हेंबरच राहते. लागोपाठचे तीन दिवस तीन महिन्यांत विखुरले आणि संगणकाने हूं की चूं केले नाही. ३१/०१ मध्ये एकतिसावा महिना नसल्याने ती तारीख म्हणून वाचलीच जात नाही, नुसता मजकूर उरतो. ०१/०२ होते २ जानेवारी. ०२/०२ योगायोगाने बरोबर.

सहा तारखांपैकी तीन चुकल्या, दोन बरोबर राहिल्या, एकच अडली. यातली अडलेली तारीख सर्वांत कमी त्रासाची, कारण ती दिसते. ज्या तीन गुपचूप बदलल्या त्या कोणी शोधत नाही. वर्षभराचा हिशेब केला तर १३२ दिवस असे आहेत की दिवस आणि महिना उलटे वाचूनही वैध पण चुकीची तारीख मिळते. म्हणजे वर्षाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग.

पत्रिकेवर, फलकावर, माणसांसाठीच्या कागदावर दिवस-महिना-वर्ष खुशाल लिहा. तिथेही महिना अक्षरांत लिहिला तर उत्तम.

कास्टिंगवर सहा अंकी तारीख ओततो. जागाच तेवढी असते. तीही बदलावी का?

०३०४२५ हा आकडा पाहा. आपल्या वाचनाने ३ एप्रिल २०२५. अमेरिकी ग्राहकाच्या वाचनाने ४ मार्च २०२५. आणि वर्ष आधी धरणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाचनाने २५ एप्रिल २००३. तिन्ही तारखा खऱ्या, तिन्ही वैध.

जागा कमी असेल तर दोन मार्ग आहेत. आठ अंक बसत असतील तर रेघा न घालता २०२५०४०३ ओता, हेही प्रमाणात बसते. तेवढेही बसत नसेल तर कास्टिंगवर नुसता हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या वितळणीचा क्रमांक, ठेवा आणि तारीख नोंदवहीत त्या हीट नंबरासमोर पूर्ण लिहा. तक्रार आली की नंबरावरून तारीख शोधता येते. संदिग्ध तारखेवरून हीट शोधणे फार अवघड जाते.

वेळ लिहिताना सकाळ-संध्याकाळ कशी दाखवायची?

दाखवायचीच नाही. २४ तासांचे घड्याळ वापरा : दुपारचे अडीच म्हणजे १४:३०. एएम-पीएममध्ये सर्वांत मोठी अडचण बाराची. ‘१२ एएम’ म्हणजे मध्यरात्र हे माहीत असणारी माणसेही घाईत चुकतात. मध्यरात्र लिहायची तर जो दिवस सुरू होतो त्याच्या नावाने ००:०० लिहा. ३ तारीख संपून ४ सुरू होतानाचा क्षण २०२५-०४-०४ ००:०० असा. रेल्वेच्या तिकिटावर ००:०५ ची गाडी पाहून लोक एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतात, ते याच गोंधळामुळे.

वेळेपुढे +०५:३० कशासाठी? आपण सगळे भारतातच तर आहोत.

तुम्ही भारतात आहात. तुमचा सर्व्हर सिंगापूरला किंवा अमेरिकेत असू शकतो आणि बहुतेक सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर लावलेले असते. नुसते १४:३० पाहून त्याला ती कोल्हापूरची दुपार आहे हे कळायला मार्ग नाही.

पूर्ण लिहिलेला क्षण असा दिसतो : २०२५-०४-०३टी१४:३०:००+०५:३०. ‘टी’च्या आधी तारीख, नंतर वेळ. शेवटचा भाग सांगतो की हे घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. हाच क्षण यूटीसीत लिहायचा तर २०२५-०४-०३टी०९:००:००झेड. ‘झेड’ म्हणजे फरक शून्य. दोन्ही लेखने एकाच क्षणाची आहेत.

+०५:३० ऐवजी आयएसटी लिहिले तर?

लिहू नका. आयएसटी हे संक्षिप्त रूप भारत, इस्रायल आणि आयर्लंड हे तिघेही वापरतात. पोस्टग्रेस डेटाबेसबरोबर येणाऱ्या संक्षेपांच्या मूळ यादीत आयएसटीसमोर इस्रायलची, म्हणजे +०२:०० ही वेळ लिहिलेली आहे. तसा अर्थ लागला तर नोंद थेट साडेतीन तास सरकते. सीएसटीचीही हीच गत. तो अमेरिकेचा मध्य भाग असू शकतो, चीन असू शकतो किंवा क्यूबा.

नोंदींत सगळीकडे १८:३० का दिसते आणि तारीख एक दिवस मागे का जाते?

हा दोष भारतात इतका सर्रास आहे की डेटामध्ये १८:३०:००झेड दिसले की ती बहुधा भारतीय मध्यरात्र आहे असे समजावे.

घडते असे. अर्जात कोणी ३ एप्रिल ही तारीख निवडली. जावास्क्रिप्टने तिचा ‘३ एप्रिल, भारतीय मध्यरात्र’ असा क्षण केला. सर्व्हरकडे पाठवताना तो यूटीसीत बदलला आणि झाला २०२५-०४-०२टी१८:३०:००झेड. सर्व्हरने त्यातली पहिली दहा अक्षरे कापून तारीख म्हणून साठवली : २ एप्रिल. वापरणाऱ्याने ३ निवडली होती, साठली २.

उलट बाजूने जावास्क्रिप्टचा आणखी एक नियम ध्यानात ठेवा. नुसती तारीख दिली, जसे २०२५-०४-०३, तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते. त्याच तारखेला वेळ जोडली पण फरक लिहिला नाही तर मात्र ती संगणकाच्या स्थानिक वेळेतली धरली जाते. भारतात पहिल्या प्रकारात काही बिघडलेले दिसत नाही, कारण यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे ०५:३०, दिवस तोच. अमेरिकेतल्या ग्राहकाने पान उघडले की त्याला आदला दिवस दिसतो. इथे चाचणी करून हा दोष सापडत नाही, संगणकाचा टाइम झोन बदलून चाचणी करावी लागते.

उपाय सोपा आहे. जिथे नुसती तारीख हवी तिथे तिचा क्षण करूच नका. दहा अक्षरांचा मजकूर म्हणून घ्या, तसाच पाठवा आणि डेटाबेसात नुसत्या तारखेच्या प्रकारात साठवा.

दूध संकलनाच्या काही नोंदी आदल्या दिवशी पडतात. सगळ्या नाही, काहीच. असे का?

वेळ पाहा. त्या सगळ्या पहाटे साडेपाचच्या आधीच्या असतील. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरचा दिवस आपल्याकडे ०५:३० ला उजाडतो. ०५:१० ला आलेला कॅन त्याच्या लेखी कालचा आणि ०५:४० ला आलेला आजचा. एकाच रांगेतल्या दोन उत्पादकांचे दूध दोन तारखांना पडते आणि दहा दिवसांच्या बिलाच्या शेवटच्या सकाळी तर पैसेही पुढच्या-मागच्या बिलात जातात. उत्पादकाचा संस्थेवरचा विश्वास अशा नोंदींवर टिकलेला असतो, म्हणून हा दोष किरकोळ समजू नये.

साठवण यूटीसीतच राहू द्या. ‘३ एप्रिलचे संकलन’ मागताना हद्द भारतीय दिवसाची लावा : २०२५-०४-०२टी१८:३०:००झेड किंवा त्यानंतरचे, आणि २०२५-०४-०३टी१८:३०:००झेड च्या आधीचे. पहिली हद्द धरून, दुसरी सोडून. २३:५९:५९ पर्यंत अशी अट लिहू नका. सेकंदाच्या अंशात आलेली नोंद दोन दिवसांच्या फटीत पडते.

म्हणजे सगळ्या तारखा यूटीसीत साठवल्या की प्रश्न मिटला?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. आधी ती तारीख कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते.

घडून गेलेली गोष्ट, म्हणजे पावती फाटली, भट्टीतून धातू ओतला, नदीची पातळी मोजली, हा एक क्षण आहे. तो यूटीसीत किंवा फरकासकट साठवा.

जन्मतारीख, बिलाची तारीख, सुट्टीचा दिवस हे कॅलेंडरवरचे घर आहे, क्षण नाही. त्याला वेळ जोडू नका, टाइम झोन तर मुळीच नाही.

पुढे ठरलेली वेळ ही तिसरी जात. हिच्यात सर्वांत जास्त चुका होतात. समजा, जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर दर सोमवारी त्यांच्या सकाळी ९ वाजता बैठक आहे. हिवाळ्यात ती आपल्याकडे १३:३० ला येते, उन्हाळ्यात १२:३० ला. तुम्ही आज यूटीसीतली वेळ काढून वर्षभराच्या बैठका साठवल्या, तर ऋतू बदलल्यावर सगळ्या एक तासाने चुकतात. इथे तीन गोष्टी साठवायच्या : तारीख, स्थानिक घड्याळातली वेळ ०९:०० आणि टाइम झोनचे नाव युरोप/बर्लिन. यूटीसीतली वेळ प्रत्येक वेळी त्यावरून काढायची.

टाइम झोनचे नाव आणि +०५:३० यांत फरक काय?

+०५:३० हा त्या क्षणापुरता फरक आहे. एशिया/कोलकाता हे नाव म्हणजे त्या प्रदेशाच्या घड्याळाचा सगळा इतिहास आणि आजचे नियम. ही नावे आयएएनए या इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइम झोन डेटाबेसमध्ये आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हा डेटाबेस सुरू केला, पॉल एगर्ट अनेक वर्षे तो सांभाळत आहेत. पूर्ण भारतासाठी एकच नाव आहे. कोल्हापूर किंवा मुंबई शोधत बसू नका. जुन्या प्रणालींत एशिया/कॅलकटा दिसेल, ते त्याचेच जुने नाव आणि आजही चालते. विंडोज स्वतःची वेगळी नावे वापरते, त्यामुळे विंडोजवरचे नाव लिनक्सवर पाठवताना रूपांतर करावे लागते.

या डेटाबेसमध्ये ‘ईटीसी/जीएमटी+५’ अशीही नावे आहेत. त्यांत चिन्ह उलटे असते. हे नाव ग्रिनिचच्या पाच तास मागे असलेल्या वेळेचे आहे. साडेपाचसाठी तर त्यात नावच नाही. त्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळी वेळ आपल्याकडे नाही. तिची माहिती का ठेवायची?

माल परदेशी जात असेल तर ठेवावी लागते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. २०२५ मध्ये अमेरिकेने ९ मार्चला घड्याळ बदलले आणि युरोपने ३० मार्चला. मधले तीन आठवडे दोघांमधला नेहमीचा फरकही एक तासाने बदललेला होता.

त्यातून दोन चमत्कारिक वेळा तयार होतात. ९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये ०२:३० वाजलेच नाहीत, घड्याळ दोनवरून थेट तीनवर गेले. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे ०१:३० दोनदा वाजले. फरक न लिहिता ‘२ नोव्हेंबर, ०१:३०, न्यूयॉर्क’ लिहिले तर कोणते ते कोणालाच सांगता येणार नाही.

भारतात घड्याळ कधीच बदलले नाही ना?

बदलले आहे, आणि त्यामुळे आजही जन्मतारखा चुकतात. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली. कोल्हापूर त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहे, इथली सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असते. दुसऱ्या महायुद्धात घड्याळ एक तास पुढे केले होते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत फरक +०६:३० होता.

आता पेन्शनरांच्या यादीत १० मे १९४३ ही जन्मतारीख आहे. एका प्रोग्रॅमने टाइम झोनचे नाव वापरून तिची मध्यरात्र यूटीसीत साठवली : १९४३-०५-०९टी१७:३०:००झेड. दुसऱ्याने परत आणताना साधे साडेपाच तास मिळवले. उत्तर ९ मे, रात्री ११. आधारकार्डावरची तारीख आणि यादीतली तारीख जुळत नाही आणि हेलपाटे त्या वृद्ध माणसाच्या वाट्याला येतात. जन्मतारखेला वेळ जोडू नका हे वर म्हटले ते यासाठीच.

फाइलमध्ये तारखा बरोबर होत्या. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केल्यावर बिघडल्या. कशा?

एक्सेल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) उघडताना तारखेसारखे जे दिसेल ते आपल्या आतल्या आकड्यात बदलते. तो आकडा म्हणजे दिवसांची मोजणी. १ म्हणजे १ जानेवारी १९००, ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. मग पडद्यावर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे दाखवते. सीएसव्हीमध्ये सेव्ह करताना जे दिसते तेच लिहिते. म्हणून २०२५-०४-०३ आत गेले आणि ०३-०४-२०२५ बाहेर आले. तुम्ही काही बदलले नाही, नुसते उघडून सेव्ह केले, तरी.

सीएसव्हीवर दोनदा टिचकी मारून ती उघडू नका. रिकामे पुस्तक उघडा, डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ आणा, आणि तारखेच्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट करा. जुन्या पद्धतीच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये तिसऱ्या पायरीवर स्तंभाची तारीख डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) की एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) हे सांगता येते. बाहेर पाठवण्याआधी टेक्स्ट या सूत्राने वर्ष-महिना-दिवस असा मजकूर करून घ्या. आणि तारखा पेशीत डावीकडे चिकटल्या आहेत की उजवीकडे हे एकदा पाहा. मुद्दाम जुळवणी बदललेली नसेल तर उजवीकडची तारीख एक्सेलला तारीख म्हणून कळली आहे, डावीकडची नुसता मजकूर आहे.

मॅकवरच्या जुन्या फाइलींत मोजणी १९०४ पासून सुरू होते. दोन फाइलींत सरळ १४६२ दिवसांचा फरक आला तर कारण हेच.

आर्थिक वर्ष ‘२०११-१२’ असे लिहिले तर काय होते?

एक्सेल त्याला डिसेंबर २०११ समजते. प्रमाणातही वर्ष आणि महिना असेच लिहितात. २०००-०१ ते २०११-१२ ही सगळी आर्थिक वर्षे महिना म्हणून वाचता येतात. २०१२-१३ पासून वाचता येत नाहीत, त्यामुळे साखर कारखान्याच्या गळीत हंगामांच्या जुन्या यादीत पहिला भाग बिघडतो आणि पुढचा शाबूत राहतो. दोन्ही वर्षे पूर्ण लिहा, २०११-२०१२. त्याहून चांगले म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची तारीख दोन स्तंभांत ठेवणे.

रात्रपाळीची नोंद कोणत्या तारखेला टाकायची?

दोन्ही. ३ एप्रिलच्या रात्रपाळीत ००:४० ला ओतलेली हीट हजेरीच्या हिशेबात ३ तारखेची, घड्याळाच्या हिशेबात ४ ची. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून दोन स्तंभ हवेत : पाळीची तारीख २०२५-०४-०३ आणि ओतण्याचा क्षण २०२५-०४-०४टी००:४०:००+०५:३०. क्षणावरून पाळी काढणारा नियम प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी लिहा. एकाच स्तंभात दोन्ही कोंबले की कधी पगार चुकतो, कधी भट्टीचा आलेख.

फोनची भाषा मराठी केली की ॲप चालेनासे होते. तारखेचा याच्याशी संबंध आहे का?

बऱ्याचदा असतो. अँड्रॉइडवर तारीख मजकुरात बदलताना प्रोग्रॅमरने भाषा-प्रदेश सांगितला नाही तर फोनचा धरला जातो आणि मराठीत अंक देवनागरी होतात. सर्व्हरला इंग्रजी अंक हवे असतात, तो तारीख नाकारतो. ब्राउझरमध्येही मराठी-भारत हा प्रदेश देऊन तारीख छापली की ३/४/२०२५ अशी देवनागरीत येते. दाखवायला सुंदर, साठवायला निरुपयोगी.

मराठी वापरणाऱ्याला याचा फटका बसतो आणि तो भाषा पुन्हा इंग्रजी करून टाकतो, ही खरी हानी. दाखवण्याचा आणि पाठवण्याचा मार्ग वेगळा ठेवा : दाखवताना फोनची भाषा, पाठवताना ठाम अमेरिकी इंग्रजी किंवा भाषेवर न चालणारी प्रमाण पद्धत. ॲप बाहेर सोडण्याआधी फोन मराठीत ठेवून एक पूर्ण फेरी करा. महिन्याच्या नावाची संक्षिप्त रूपेही पाठवू नका. जावाच्या नव्या आवृत्त्यांत ब्रिटिश इंग्रजीतल्या सप्टेंबरची तीन अक्षरे चार झाली आणि चालणारे प्रोग्रॅम अडले.

जावातच आणखी एक खड्डा. तारखेचा साचा सांगताना वर्षासाठी स्मॉल वाय लिहायचा, कॅपिटल नाही. कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवर चालणारे वर्ष. आयएसओच्या मोजणीत ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यामुळे २०२५-१२-३० छापले जाते. वर्षभर सगळे ठीक चालते आणि डिसेंबरच्या शेवटी बिले एक वर्ष पुढे जातात.

१७४३६७०८०० असा लांब आकडा आला आहे. ही तारीख आहे का?

हो. १ जानेवारी १९७०, यूटीसीतली मध्यरात्र, तिथपासून मोजलेले सेकंद. हा आकडा म्हणजे ३ एप्रिल २०२५, भारतीय वेळ १४:३०. दहा अंक असतील तर सेकंद, तेरा असतील तर मिलिसेकंद. सेकंदांना मिलिसेकंद समजले की तारीख २१ जानेवारी १९७० येते. यादीत १९७० चा जानेवारी दिसला की आधी हेच तपासा. ३२ बिटांत साठवलेली ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्या ०८:४४:०७ ला संपते. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मांडणाऱ्याला ती अडचण आजच येते.

डेटाबेसात कोणता प्रकार निवडावा?

पोस्टग्रेसमध्ये क्षणांसाठी टाइम झोनसह असलेला टाइमस्टॅम्प. तो मूळ झोन लक्षात ठेवत नाही, यूटीसीत बदलून ठेवतो. झोनचे नाव हवे असेल तर वेगळा स्तंभ करा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प यूटीसीत बदलतो आणि २०३८ पर्यंतच पोचतो. डेटटाइम जे दिले ते तसेच ठेवतो, म्हणून त्यात काय ठेवले आहे हे स्तंभाच्या नावातच लिहा. तिथे झोनच्या नावाने रूपांतर केल्यावर उत्तर रिकामे येत असेल तर झोनचे तक्ते भरलेले नाहीत, ते आधी भरावे लागतात.

दुव्यात वेळ पाठवली की अधिकचे चिन्ह गायब होते.

दुव्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात अधिकचे चिन्ह म्हणजे रिकामी जागा. त्याऐवजी टक्क्याचे चिन्ह, दोनचा इंग्रजी आकडा आणि कॅपिटल बी असे लिहा, किंवा वेळ यूटीसीत बदलून ‘झेड’ लावून पाठवा. फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके विंडोजला चालत नाहीत, तिथे २०२५०४०३टी१४३००० असे सलग लिहा.

नदीच्या पातळीची नोंद कशी ठेवावी?

मोजल्याचा क्षण फरकासकट एका स्तंभात. नोंद संगणकात भरल्याचा क्षण दुसऱ्यात, कारण पुराच्या रात्री दोन्हींत तासांचे अंतर पडते. पातळीच्या स्तंभाच्या नावात ‘फूट’ लिहा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी एकीवरून दुसरीवर किती तासांत गेले हे मागच्या नोंदींवरून काढायचे असते, म्हणून भरल्याच्या वेळेला मोजल्याची वेळ समजणे परवडत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरातली ०५/०८/२०१९ ही नोंद ८ मे म्हणून वाचली गेली तर तो अभ्यासच खोटा पडतो.

तिथी किंवा शके कसे साठवावे?

मजकूर म्हणून, प्रमाण तारखेच्या शेजारच्या स्तंभात. तिथी मध्यरात्रीला बदलत नाही, कधी एखादी क्षय होते, कधी दोन सूर्योदयांना तीच असते. भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू आहे. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येतो. गुढीपाडव्याला सुरू होणारे पंचांगातले वर्ष वेगळे. दोन्हींना ‘शके’च म्हणतात, म्हणून कोणते ते लिहा.

आधीच बिघडलेला स्तंभ दुरुस्त कसा करावा?

मूळ फाइलची प्रत काढून ती फक्त वाचता येईल अशी ठेवा. दुरुस्ती नेहमी नव्या स्तंभात करा, जुन्यावर लिहू नका.

मग ज्या नोंदींत पहिला आकडा १२ पेक्षा मोठा आहे त्या शोधा. त्यांवरून त्या फाइलचा क्रम कळतो. प्रत्येक फाइलसाठी हे वेगळे करा, कारण एका कार्यालयातल्या दोन संगणकांची सेटिंग वेगळी असू शकते. एक्सेलच्या स्तंभात मजकूर राहिलेल्या सगळ्या तारखांचा पहिला आकडा १३ किंवा पुढचा असेल, आणि तारीख म्हणून ओळखलेल्या एकाही नोंदीत दिवस १२ च्या वर नसेल, तर तो पूर्ण स्तंभ अमेरिकी सेटिंगवर उघडला गेला आहे. ओळखलेल्या सगळ्या तारखांत दिवस आणि महिना अदलाबदल करा, मजकुराच्या तारखा आपल्या क्रमाने वाचा.

नंतर पावती क्रमांकाने लावून पाहा. क्रमांक वाढतो तशी तारीख पुढे सरकायला हवी, जिथे ती मागे उडी मारते तिथे बोट ठेवा. पुढच्या, अजून न आलेल्या तारखा वेगळ्या काढा. एवढे करूनही ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही ती रिकामी ठेवा, शेजारी मूळ मजकूर राहू द्या आणि कागदी पावतीवरून खात्री करून मगच भरा.